मातीच्या पापुद्र्यांत वायू किती मावतो?

विदर्भ-मराठवाड्यातील काळ्या जमिनीला चैत्र-वैशाखात पडणाऱ्या भेगा कोणी पाहिल्या नाहीत? काठी घातली तर हातभर आत जावी अशा त्या भेगा पहिल्या दोन-तीन दमदार पावसांत मिटून जातात, आणि काल जेथे दगडासारखी टणक ढेकळे होती तेथे आज पाय रुतू लागतो. या फुगण्या-आकसण्याचे मूळ माँटमोरिलोनाइट नावाच्या खनिजात आहे. दख्खनच्या काळ्या पाषाणाची दीर्घकाळ झीज होऊन जी माती बनली, तिच्यात या गटातील मृद्खनिजांचे प्रमाण मोठे असते. शेतकऱ्याला हे खनिज नावाने ठाऊक नसेल; परंतु त्याचा स्वभाव त्याच्या परिचयाचा आहे.

हेच खनिज आणि त्याची भावंडे जगाच्या पाठीवर इतरत्र शेल नावाच्या खडकांतही सापडतात. समुद्रतळाशी साचलेला गाळ कालांतराने दबून जो पापुद्र्यापापुद्र्यांचा खडक तयार होतो, तो शेल. या खडकाकडे गेल्या तीन-चार दशकांत शास्त्रज्ञांचे आणि शासनांचे लक्ष एका वेगळ्याच प्रश्नाने वेधले गेले आहे. चिमूटभर मातीच्या आत, तिच्या पापुद्र्यांमधल्या डोळ्यांनाच काय, साध्या सूक्ष्मदर्शकालाही न दिसणाऱ्या फटींत वायू किती मावतो, कोणता मावतो, आणि तो तेथे राहतो की निसटतो, हा तो प्रश्न. ऐकताना तो प्रयोगशाळेच्या चार भिंतींत शोभणारा वाटेल. तो तेथून बाहेर कसा पडला, हे समजण्यासाठी नॉर्वेच्या किनाऱ्यापलीकडील उत्तर समुद्रात जावे लागते.

तेथील स्लाइप्नर क्षेत्रातून निघणाऱ्या नैसर्गिक वायूत सुमारे ९ टक्क्यांपर्यंत कार्बन डायऑक्साइड मिसळलेला असे. वायू विकायचा तर हे प्रमाण अडीच टक्क्यांच्या खाली आणणे भाग होते. वेगळा काढलेला कार्बन डायऑक्साइड पूर्वीच्या काळी सरळ हवेत सोडून दिला जात असे. परंतु नॉर्वेच्या शासनाने १९९१ साली समुद्रावरील तेल व वायू उद्योगातून होणाऱ्या या उत्सर्जनावर कर बसविला. कर भरण्यापेक्षा वायू पुन्हा जमिनीत घालणे परवडेल, असा हिशेब झाला, आणि १९९६ पासून समुद्रतळाखाली सुमारे ८०० ते १,००० मीटर खोलीवरील उटसिरा नावाच्या वाळूच्या थरात तो सोडण्यास प्रारंभ झाला. प्रारंभीच्या वर्षांत दरसाल जवळजवळ १० लाख टन वायू अशा रीतीने गाडला गेला. एखाद्या करामुळे एवढे मोठे तांत्रिक पाऊल उचलले जावे, ही गोष्ट प्रशासनातील मंडळींनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

वाळूच्या थरात घातलेला वायू वर येऊ पाहतो. कारण भोवतीच्या खाऱ्या पाण्यापेक्षा तो हलका असतो. त्याला अडवितो तो वरचा शेलचा जाड थर. रांजणावर झाकण असावे तसा. हे झाकण वायू अडविते ते मुख्यतः दोन कारणांनी. त्याची छिद्रे अतिशय बारीक असतात आणि ती पाण्याने भरलेली असतात. त्या पाण्याला ढकलून वायूला वाट काढता येत नाही. परंतु झाकण मातीच्याच खनिजांचे आहे, आणि मातीची खनिजे वायूचे काही रेणू स्वतःच्या अंगाला चिकटवून घेतात, प्रसंगी त्यामुळे फुगतात, तर पाणी गमावल्यास आकसतात. फुगले तर लहानसहान चिरा बुजतील. आकसले तर नव्या चिरा पडतील. काळ्या रानातील भेगांचा प्रश्न जमिनीखाली एक किलोमीटरवर, समुद्राच्या बुडाशी पुन्हा उभा राहतो तो असा.

वायूचे रेणू घन पदार्थाच्या पृष्ठभागाला चिकटून बसण्याच्या या क्रियेस अधिशोषण म्हणतात. स्पंजात पाणी शिरते तसे ते नव्हे. गुळाच्या ढेपेवर माश्या बसाव्यात तसे रेणू पृष्ठभागावर बसतात. ढेपेच्या आत जात नाहीत. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात स्वीडनचा शेले आणि इटलीचा फोंताना यांनी कोळसा वायू ओढून घेतो, हे दाखवून दिले होते. पुढे १९१८ साली अमेरिकेत अर्व्हिंग लँगम्युअर यांनी दाब वाढविला असता पृष्ठभाग कसकसा भरत जातो याचे सुटसुटीत समीकरण मांडले. पृष्ठभागांच्या रसायनशास्त्रातील कार्याबद्दल त्यांना १९३२ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

अधिशोषणाचे एक उदाहरण महाराष्ट्राच्या गावोगावच्या लोकांनी अगदी अलीकडे अनुभवले आहे. २०२१ साली कोरोनाच्या साथीत जिल्हा व उपजिल्हा रुग्णालयांच्या आवारात हवेतून ऑक्सिजन काढणारे संच उभे राहिले. त्या संचांच्या टाक्यांत झिओलाइट या सच्छिद्र खनिजाचे कृत्रिम दाणे भरलेले असतात. दाबाखाली हवा त्यांतून नेली की नायट्रोजन दाण्यांच्या छिद्रांत अडकून राहतो आणि ऑक्सिजन पुढे जातो. दाब कमी केला की नायट्रोजन सुटतो आणि दाणे पुन्हा कामाला तयार होतात. दोन वायूंपैकी एकालाच खनिजाने का धरावे? छिद्रांच्या आत धन विद्युत्‌भार असलेले आयन असतात, आणि नायट्रोजनच्या रेणूतील भाराची मांडणी त्यांच्या ओढीला अधिक बळी पडते, हे त्याचे कारण. पुढे मृद्खनिजांच्या बाबतीतही हेच कारण भेटणार आहे.

माँटमोरिलोनाइटची रचना एखाद्या वहीसारखी असते. प्रत्येक पान सुमारे एक नॅनोमीटर जाडीचे. एका मिलिमीटरात दहा लाख नॅनोमीटर बसतात, एवढ्यावरून कल्पना यावी. हे पानही एकसंध नसते. पुरणपोळीत दोन पदरांच्या मध्ये पुरण असावे, तसे सिलिकाच्या दोन पदरांमध्ये ॲल्युमिनियमचा पदर असतो. या मधल्या पदरात काही ठिकाणी ॲल्युमिनियमच्या जागी मॅग्नेशियम येऊन बसते, आणि हिशेबात धन भार कमी पडून पानावर ऋण भार उरतो. तो भरून काढण्यासाठी दोन पानांच्या मध्ये सोडियम किंवा कॅल्शियम यांसारखे धनायन येऊन राहतात. काळ्या जमिनीत पिकाची अन्नद्रव्ये टिकून राहतात ती याच व्यवस्थेमुळे, हे कृषी विषयाच्या शिक्षकांना सांगावयास नको. धनायनांच्या मागोमाग पाणी येते. पाण्याचा एक थर आला की पान आणि फट मिळून अंतर सुमारे सव्वा नॅनोमीटर होते. दोन थर आले की दीड. जमीन फुगते म्हणजे या असंख्य वह्यांची पाने एकमेकांपासून दूर सरकतात.

आता या पानांचे क्षेत्रफळ पाहावे. एक ग्रॅम माँटमोरिलोनाइटची सर्व पाने उलगडून पसरली तर सुमारे ७५० चौरस मीटर भरतात. तलाठ्याच्या भाषेत सांगावयाचे तर सात-साडेसात गुंठे. चिमूटभर मातीच्या पोटात एवढी जमीन दडलेली असेल, तर तिच्यावर किती वायू वस्ती करील, हा विचार मनात येणे साहजिक आहे.

परंतु ही जमीन मोजणे सोपे नाही. प्रयोगशाळेत नेहमीची रीत अशी, की नमुना तापवून पूर्ण सुकवायचा, शून्याखाली १९६ अंशांपर्यंत थंड करायचा आणि त्यावर नायट्रोजन किती बसतो ते मोजायचे. गंमत अशी, की सुकविताना पाणी निघून गेल्याने पाने एकमेकांवर मिटतात आणि नायट्रोजनला आत वाटच राहत नाही. मग ७५० ऐवजी काही दशक चौरस मीटर एवढाच आकडा हाती लागतो. वहीचे पुठ्ठे आणि कडा मोजल्या जातात. पाने राहून जातात. शिवाय उपकरण सांगते ती केवळ एकूण बेरीज. रेणू नेमके कोठे बसले, भिंतीलगत की मधोमध, उभे की आडवे, पाण्याने त्यांची जागा घेतली काय, हे उपकरणाच्या काट्यावरून कळत नाही.

येथे संगणकाचे साहाय्य घेतले जाते. खनिजाची फट, तिच्या भिंतींतील प्रत्येक अणू, मधले धनायन आणि येणारे-जाणारे वायूचे रेणू या सर्वांची गणिती प्रतिकृती संगणकात उभी करून तिच्यावर प्रयोग करावयाचा, या पद्धतीस सदृशीकरण म्हणतात. तिचा पाया १९५३ साली अमेरिकेतील लॉस अलामॉस येथे घातला गेला. निकोलस मेट्रोपोलिस, आरियाना व मार्शल रोझेनब्लुथ आणि ऑगस्टा व एडवर्ड टेलर या पाच जणांच्या नावे प्रसिद्ध झालेल्या निबंधात रेणूंच्या समूहाचे गुणधर्म फासे टाकून काढण्याची युक्ती सांगितली होती. त्या वेळच्या मॅनियाक नावाच्या संगणकासाठी आज्ञावली लिहिण्याचे काम आरियाना रोझेनब्लुथ यांनी केले होते. त्यांचे नाव मात्र फार उशिरा लोकांपर्यंत पोहोचले. जुगाराच्या अड्ड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या माँटे कार्लो या शहरावरून या पद्धतीला नाव पडले.

अधिशोषणासाठी तिचे जे रूप वापरतात, ते १९६९ साली सोव्हिएत संघातील नॉर्मन व फिलिनॉव्ह यांनी मांडले. ते समजावून घेण्यासाठी यात्रेच्या गावची धर्मशाळा डोळ्यांसमोर आणावी. धर्मशाळेची खोली ठरलेली आहे, पण तीत किती यात्रेकरू असावेत हे ठरलेले नाही. दार उघडे आहे. बाहेर रस्त्यावर गर्दी आहे. रस्त्यावरील गर्दी म्हणजे वायूचा दाब आणि खोली म्हणजे खनिजाची फट. संगणक दर क्षणी चिठ्ठी टाकल्याप्रमाणे चारांपैकी एक गोष्ट करून पाहतो: बाहेरचा एक रेणू आत आणून ठेवणे, आतला एक बाहेर काढणे, आतल्या एखाद्याला थोडे सरकविणे, किंवा त्याला जागच्या जागी वळविणे. प्रत्येक वेळी नव्या मांडणीची ऊर्जा मोजली जाते. आत येणे किंवा बाहेर जाणे असेल तर बाहेरच्या गर्दीचा रेटाही त्या हिशेबात धरला जातो. बदल सोयीचा ठरला तर तो मान्य. गैरसोयीचा ठरला तर तो लगेच फेटाळावयाचा नाही. पुन्हा फासा टाकावयाचा, आणि गैरसोय जितकी मोठी तितकी मान्यतेची शक्यता कमी ठेवावयाची. तापमान जास्त असेल तर ही सवलत अधिक. असे लक्षावधी, कित्येकदा कोट्यवधी प्रयत्न झाले की खोलीतील संख्या एका सरासरीभोवती स्थिरावते. ती सरासरी म्हणजे त्या दाबाला आणि त्या तापमानाला होणारे अधिशोषण. दाब बदलून हाच उद्योग पुन्हा करावयाचा, म्हणजे संपूर्ण आलेख मिळतो.

दुसरी एक पद्धत रेणूंची प्रत्यक्ष हालचाल क्षणाक्षणाने काढते. १९६४ साली ८६४ अणूंच्या द्रवरूप अरगॉनचे असे गणित करून दाखविणारे अनीसुर रहमान हे मूळचे हैदराबादचे. अमेरिकेतील आर्गोन येथील प्रयोगशाळेत त्यांनी ते काम केले, आणि या शास्त्रशाखेचे जनक म्हणून त्यांचा उल्लेख केला जातो. वायू फटीतून किती वेगाने पुढे सरकतो, हे जाणून घ्यावयाचे असेल तर ही पद्धत उपयोगी पडते.

दोन्ही पद्धतींचे यश एका गोष्टीवर अवलंबून असते. कोणता अणू कोणत्या अणूला किती ओढतो आणि किती ढकलतो, याचे कोष्टक बरोबर असले पाहिजे. मृद्खनिजांसाठी असे सर्वमान्य कोष्टक दीर्घकाळ नव्हते. २००४ साली अमेरिकेतील सँडिया प्रयोगशाळेच्या रँडल सायगन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘क्लेएफएफ’ या नावाने ते प्रसिद्ध केले, आणि त्यानंतर या विषयावरील संशोधनाला बहर आला.

या गणितांतून जे निष्पन्न झाले, ते मनोरंजक आहे. फट दोन नॅनोमीटरपेक्षा अरुंद असेल तर दोन्ही भिंतींची ओढ मधोमध एकत्र येते आणि कमी दाबालाही फट दाटीवाटीने भरू लागते. फट रुंद केली की भिंतीलगत रेणूंची एक दाट रांग बसते, तिच्यामागे विरळ दुसरी, आणि मध्यभागी वायू जवळजवळ बाहेरच्यासारखाच मोकळा असतो. २०१३ साली जिन आणि फिरुझाबादी यांनी मीथेन व कार्बन डायऑक्साइड यांची मातीच्या फटींतील वागणूक याच पद्धतीने तपासली. मीथेनचा रेणू चहूबाजूंनी सारखा आणि विद्युत्‌दृष्ट्या उदासीन. त्याला भिंतीचे क्षेत्रफळ मिळाले की पुरे, धनायनांशी त्याला विशेष कर्तव्य नाही. कार्बन डायऑक्साइडच्या रेणूत मात्र दोन्ही टोकांना ऋण आणि मध्यभागी धन अशी भाराची वाटणी असते. तो धनायनांच्या भोवती गोळा होतो. रुग्णालयातील संचात नायट्रोजन जे करतो, तेच हा येथे करतो. म्हणून एकाच मापाच्या दोन फटींत, धनायनांचे प्रमाण वेगळे असेल तर कार्बन डायऑक्साइडचा साठा वेगळा येतो.

यावरून शेलचे झाकण म्हणजे कार्बन डायऑक्साइडचे आणखी एक भांडारच, असा उत्साहाचा निष्कर्ष कोणी काढील. या ठिकाणी सावधपणा अत्यंत आवश्यक आहे. वर सांगितलेले आकडे कोरड्या फटींचे आहेत, आणि जमिनीखाली एक किलोमीटरवर कोरडी माती नसते. याच दोघा संशोधकांनी २०१४ साली फटींत अगोदर पाणी ठेवून तोच हिशेब पुन्हा केला, तेव्हा दोन्ही वायूंचे अधिशोषण लक्षणीय घटलेले दिसले. धनायन पाण्याला अधिक जवळ करतात. वायूला उरलेल्या जागेवर समाधान मानावे लागते. कोरड्या मातीचा आकडा ओल्या खडकाला लावून साठवण क्षमतेचा अंदाज बांधणे म्हणजे उन्हाळ्यात भेगा मोजून पावसाळ्यात विहिरीचे पाणी ठरविण्यासारखे आहे.

पाण्याची भूमिका एवढ्यावर संपत नाही. प्रयोग आणि गणित यांचा एका बाबतीत चांगला मेळ बसला आहे. पाने पूर्ण मिटलेली असतील तर कार्बन डायऑक्साइडला त्यांच्यामध्ये शिरणे अवघड जाते. पाने पाण्याने पुरती भरलेली असतील तर त्याला जागा नसते. मात्र पाण्याने दार किंचित उघडे ठेवले असेल, म्हणजे एका थराइतके किंवा त्याहून थोडे कमी पाणी असेल, तेव्हा तो आत येतो आणि पाने आणखी दूर सारतो. क्ष-किरणांनी पानांतील अंतर मोजून हे पडताळून पाहण्यात आले आहे. उलट, खोल थरात सोडलेला कार्बन डायऑक्साइड अगदी कोरडा असेल तर तो मातीतील पाणीच ओढून घेऊ लागतो, आणि पाने जवळ येतात. ३१ अंश तापमान आणि सुमारे ७४ पट हवेचा दाब यांपलीकडे हा वायू द्रवासारखा दाट होतो, आणि साठवणीच्या खोलीवर तो बहुधा याच अवस्थेत असतो. तेव्हा झाकण फुगेल की आकसेल, या प्रश्नाचे एकच एक उत्तर नाही. पाणी किती आणि धनायन कोणते, यावर ते अवलंबून आहे.

गणिताच्या मर्यादाही उघड सांगितल्या पाहिजेत. संगणकातील फट काही हजार अणूंची, चकचकीत सपाट भिंतींची आणि एकसारख्या रुंदीची असते. प्रत्यक्ष खडकात पाने वाकलेली, मोडलेली, इतर खनिजांत आणि सेंद्रिय द्रव्यात गुरफटलेली असतात. अनेक गणितांत भिंती अचल धरलेल्या असतात, मग फुगणे दिसणार कोठून? आणखी एक अडचण मोजमापाच्या भाषेची. प्रयोगशाळेत जे मोजतात ते ‘वाढीव’ अधिशोषण, म्हणजे भिंती नसत्या तर तेवढ्या जागेत जितका वायू असता त्याहून किती अधिक आहे ते. तर संगणक मोजतो फटीतील सगळे रेणू. जास्त दाबाला या दोन आकड्यांत मोठे अंतर पडते. दोन अहवाल परस्परविरोधी वाटत असतील तर पुष्कळदा भांडण निसर्गाचे नसून या दोन मोजपट्ट्यांचे असते. एक रुपयाचा हिशेब देतो, दुसरा नफ्याचा.

भारताच्या दृष्टीने हा विषय आता दूरचा राहिलेला नाही. २०७० पर्यंत निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणण्याचे उद्दिष्ट देशाने नोव्हेंबर २०२१ मध्ये ग्लासगो येथील परिषदेत जाहीर केले. कार्बन डायऑक्साइड पकडून त्याचा उपयोग करण्याच्या अभ्यासासाठी केंद्र शासनाच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या साहाय्याने २०२२ साली मुंबईच्या भारतीय तंत्रविज्ञान संस्थेत राष्ट्रीय केंद्र स्थापन झाले. अशा गणितांना लागणारी यंत्रसामग्रीही येथे नवी नव्हे. पुण्याच्या प्रगत संगणन विकास केंद्राने ‘परम ८०००’ हा महासंगणक १९९१ सालीच तयार केला होता.

महाराष्ट्राच्या भूगर्भात मात्र परिस्थिती नॉर्वेहून निराळी आहे. येथे मोठ्या क्षेत्रावर वाळूचा थर आणि शेलचे झाकण नाही; दख्खनच्या काळ्या पाषाणाचे एकावर एक थर आहेत. आइसलँडमध्ये २०१२ साली अशाच जातीच्या पाषाणात पाण्यात विरघळविलेला कार्बन डायऑक्साइड सोडून त्याचे दगडात रूपांतर होते, हे पडताळून पाहण्यात आले. त्यामुळे दख्खनच्या पाषाणाकडेही अभ्यासकांचे लक्ष आहे. या पाषाणातील बुडबुड्यांच्या पोकळ्यांत आणि चिरांत झिओलाइटचे स्फटिक आढळतात, आणि त्यांच्याच शेजारी फुगणाऱ्या मृद्खनिजांचे हिरवट, मऊ अस्तर असते. विहीर खोदणाऱ्यांना ते चांगले परिचित आहे. येथे वायू साठविण्याचा विचार कधी झालाच, तर त्या अस्तराचाही हिशेब मांडावा लागेल, आणि परदेशी निबंधांतील आकडे तसेच उचलून चालणार नाही. त्यांतील बहुतेक गणिते सोडियमयुक्त मातीची आहेत. दख्खनच्या मातीत कॅल्शियम आणि मॅग्नेशियम यांचे प्राबल्य असते. हे धनायन पाण्याला सोडियमपेक्षा अधिक घट्ट धरून ठेवतात.